आंबवड्याच्या तीन समाध्या आणि मावळातील चाकरीचा इतिहास

भोरहून रायरेश्वराच्या डोंगररांगांकडे जाताना आंबवडे लागते. नागेश्वराचे जुने देऊळ, घळीवर संस्थानाने बांधलेला झुलता पूल आणि तीन समाध्या पाहण्यासाठी इतिहासप्रेमींची पावले या गावाकडे वळतात. एक समाधी कान्होजी जेधे यांची, दुसरी जिवा महालाची म्हणून दाखवली जाते आणि तिसरी शंकराजी नारायण सचिवांची. पहिला वतनदार देशमुख, दुसरा बलुतेदार समाजातला, तिसरा लेखणीच्या बळावर वर चढलेला कारभारी. तिघांचीही नावे पराक्रमासाठी आणि निष्ठेसाठी घेतली जातात. या धाग्यात त्यांच्याकडे जरा निराळ्या बाजूने पाहायचे आहे. हे तिघेही चाकरी करत होते आणि प्रत्येकाच्या चाकरीच्या अटी वेगळ्या होत्या. त्या अटींचा माग काढत गेले की भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखातल्या रोजगाराचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. या खोऱ्यांत खाचरातला भात हे मुख्य पीक आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी. पावसाआधी राब भाजायचा, मृगात रोपे टाकायची, आषाढात लावणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मग झोडणी. पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून तितक्याच वेगाने वाहून जातो. बहुतेक खाचरांत दुसरे पीक घेण्याइतकी ओल उरत नाही. म्हणजे मनगटाला वर्षातले पाच-सहा महिने उसंत नाही आणि उरलेले महिने काम नाही. खाचराचे तुकडे तर इतके लहान की त्यातला भात पुढच्या पावसापर्यंत पुरणे कठीण. मावळच्या माणसापुढचा कायमचा प्रश्न हा की वर्षाचा उरलेला अर्धा भाग कोणाच्या दारात काढायचा?

गावाच्या आत या प्रश्नाचे उत्तर फारसे नव्हते. गावगाड्यात काम होते, पण कामाचा बाजार नव्हता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव, महार, मांग अशा बलुतेदारांची कामे जन्माने ठरलेली आणि गिऱ्हाइकेही ठरलेली. मोबदला रोज मिळत नसे. सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळे. शेजारच्या गावचा सुतार येऊन कमी दरात नांगर भरून देऊ शकत नसे, कारण तो या गावच्या सुताराचा हक्क. शेतीची घाई असली की इर्जिक घालत. सारा गाव एकाच्या रानात उतरे, त्या घरी जेवण होई, आणि उद्या तेच हात दुसऱ्याच्या रानात. या साऱ्यात पैसा जवळजवळ नव्हताच. जाता जाता एक गंमत: ‘नोकर’, ‘चाकर’, ‘मजूर’, ‘हजेरी’ हे शब्द मराठीत फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि ‘पगार’ तर पोर्तुगिजांकडून आला. चाकरीची भाषा गावाबाहेरून आली, कारण रोख मोबदल्याची चाकरीही बहुतांशी गावाबाहेरच होती.

या व्यवस्थेच्या शिखरावर वतन होते. वतन म्हणजे केवळ जमीन नव्हे. ते वंशपरंपरेने चालणारे अधिकारपद आणि त्यासोबत येणारे उत्पन्न व मान. रोहिड खोऱ्याचे देशमुख जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळीमकर. वरचे राज्य निजामशाही असो वा आदिलशाही, खोऱ्यातला सारा गोळा करणारा आणि वेळप्रसंगी माणसे उभी करणारा देशमुख तोच राही. आजच्या शब्दांत सांगायचे तर ही कायम नोकरी होती, आणि तीही पुढच्या पिढ्यांसकट.

म्हणूनच १६५९ चा प्रसंग समजून घेण्यासारखा आहे. अफझलखान स्वारीवर निघाला, तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली. खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजींच्या नावचे फर्मान त्या वर्षीच्या जून महिन्यातले आहे. शेजारच्या उत्रौळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. त्यांचा हिशेब त्या काळाच्या रीतीला धरूनच होता, कारण वतनाची सनद देणारा धनी विजापुरात बसलेला होता. कान्होजी मात्र आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. हा प्रसंग जेधे करीन्यात येतो. ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार आज सहज वापरला जातो. तेव्हा त्याचा अर्थ होता, घराण्याच्या येणाऱ्या सर्व पिढ्यांची भाकरी एका माणसाच्या यशावर लावणे. लढाई फसली असती तर जेध्यांना परतायला खोरेच उरले नसते.

(ज्या घराण्याच्या दप्तरातून ही माहिती मिळते, त्याचे गाव कारी हे आंबवड्याच्या जवळच आहे. शिवजन्माच्या तिथीच्या वादात निर्णायक ठरलेली जेधे शकावली याच घराण्याकडची. ती लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली.)

दुसरी समाधी जिवा महालाची. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार त्याने अडवला आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मराठीत रुजली. जिवा नाभिक समाजातला. गावगाड्याच्या नियमाने त्याचे काम जन्मापूर्वीच ठरलेले होते. त्याला त्या चौकटीबाहेर नेणारी जागा म्हणजे स्वराज्याचे लष्कर. मावळच्या सामान्य माणसासाठी तो काळ केवळ स्वातंत्र्याच्या प्रेरणेचा नव्हता. गावाबाहेर, रोख मोबदल्यावर आणि अंगच्या कसबावर काम मिळण्याचाही होता. वीरकथांच्या झगमगाटात हा भाग झाकोळून जातो.

या नोकरीचा तपशील कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मिळतो. १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेली ही बखर लष्कराच्या रचनेबाबत फार काटेकोर आहे. पायदळात नाईक, त्यावर हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी आणि सरनौबत अशी पायरी. जुमलेदाराला सालीना १०० होन, हजारीला ५००. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराचे घोडे सरकारी पागेतले, शिलेदाराचे स्वतःचे. भांडवल कोणाचे यावरून दर्जा ठरण्याचा हा जुना दाखला आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला परतायचे आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीला निघायचे. लुटीतला माल सरकारजमा करून त्याचा हिशेब द्यावा लागे.

आता हे वेळापत्रक भाताच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. आषाढात लावणी, आश्विनात दसरा. खाचर ज्या महिन्यांत माणसाला अडकवते, त्यात स्वारी नाही. खाचर मोकळे सोडते, त्याच सुमारास शिलंगण. लष्कराला मावळे मिळाले त्यामागे डोंगराची सवय आणि काटकपणा होताच. पण वर्षाच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी भाकरी शोधणारे हजारो हात या खोऱ्यांत होते, हेही कारण तितकेच वजनदार मानायला हवे. याने मावळ्यांचे शौर्य कमी होत नाही. ते कोणत्या पोटातून उभे राहिले तेवढे कळते.

महाराजांचा कल वतने व नवे मोकासे देण्यापेक्षा रोख वेतनाकडे होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे कडक प्रकरण आहे, त्याचे सार हेच की वतनदार हा राज्याचा लहानसा वाटेकरीच असतो, त्याला सांभाळावे पण मोकळे सोडू नये. १६८९ नंतर मात्र हे धोरण टिकले नाही. राजाराम महाराज जिंजीला, औरंगजेब दख्खनेत, खजिना रिकामा. मोगलही वतने देऊ करत होते आणि मराठेही. सैनिक आणि सरदार यांच्यासाठी दोन धन्यांची चढाओढ लागली होती. नोकरी रोखीवरून पुन्हा जमिनीवर गेली.

तिसरी समाधी याच काळातून येते. शंकराजी नारायण गांडेकर हे रामचंद्रपंतांबरोबर या धामधुमीत महाराष्ट्रातला कारभार आणि किल्ले सांभाळणारे. सचिवपद आणि या भागातला मुलूख त्यांच्याकडे आला आणि पुढच्या भोर संस्थानाचा पाया तिथे घातला गेला. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. शंकराजी ताराबाईंशी शपथेने बांधलेले होते. आलेला वारस खरा आणि दिलेला शब्दही खरा. दोन धन्यांच्या कात्रीत सापडलेल्या या कारभाऱ्याने आंबवड्यात आपले जीवन संपवले. पद मात्र घराण्यात राहिले. त्यांचा मुलगा नारो शंकर याच्याकडे सचिवपद चालू राहिले. म्हणजे जे पद एका माणसाला कर्तृत्वाने मिळाले, ते पुढच्या पिढीत वतनच झाले.

पेशवाईनंतर चित्र पालटले. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि लष्करी चाकरीचा जुना दरवाजा बंद होत गेला. किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या. पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या घेऱ्यात राहून पहारा करणाऱ्या रामोश्यांचे हक्क गेले. शेजारच्या पुरंदर भागात उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली गेली. या बंडाकडे इंग्रजविरोधी उठाव म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या मुळाशी एका अख्ख्या समाजाची नोकरी एका सहीनिशी गेली, ही गोष्टही होती.

भोर संस्थान राहिले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे त्याचे पाच तालुके. चार नावे किल्ल्यांची, पण त्या किल्ल्यांवर आता फौजेचे काम उरलेले नव्हते. संस्थानात कारकुनी, शिपाईगिरी, देवस्थानांची सेवा अशी थोडी कामे होती. ती मुख्यतः भोर गावात आणि ठराविक घरांत. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाचे क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल होते आणि १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या १,३७,२६८. आधीच्या दहा वर्षांत ती १२ टक्क्यांनी घटली होती. दुष्काळ आणि प्लेगचे ते दशक. मेलेले किती आणि परागंदा झालेले किती, हे या एका आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

त्याच सुमारास याच खोऱ्यातल्या पाण्याने दुसरीकडे रोजगार पिकवायला सुरुवात केली होती. वेळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाले. त्याखाली मोठे लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूरकडचे रान भिजले. तिथे ऊस आला, गूळ आला, पुढे साखर कारखाने आले. इकडे वेळवंडी खोऱ्यातली सपाट भातजमीन पाण्याखाली गेली आणि उताराची वरकस राहिली. पुढे नीरा देवघर धरणाने हिरडस मावळातही तेच घडवले. धरणाची भिंत एका तालुक्यात आणि त्या पाण्यावरची मजुरी दुसऱ्या तालुक्यात. या भागातल्या रोजगाराचा इतिहास लिहिताना किल्ल्यांइतकीच जागा भाटघरला द्यायला हवी.

मग मुंबई. तिथली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली. (बोरघाट खंडाळ्याचा. भोर गावाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंगमुळे ही गल्लत वारंवार होते.) गिरण्यांतला सर्वांत मोठा भरणा रत्नागिरीकडचा. पुणे-सातारा-नगरकडची घाटावरची माणसे त्यामागोमाग गेली. कोकणातला चाकरमानी हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. घाटावरून गेलेल्याला मुंबईने ‘घाटी’ म्हटले आणि त्या शब्दात आदर नव्हता. गिरणीत शिरायला ओळखीचा जॉबर लागे, म्हणून ज्यांना ओळख नव्हती ते गोदीत, धान्याच्या बंदरावर, बाजारपेठेत डोक्यावर पोती वाहू लागले. एका गाळ्यात गावची दहा-वीस माणसे, पाळ्यांप्रमाणे झोपणारी. जेवण खाणावळीत. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पोस्टमन हा डोंगरातल्या घरांचा खरा खजिनदार बनला.

गावात मागे राहिलेल्या शेतीचे काय झाले? ती बायकांनी केली. पुरुष दसऱ्याला स्वारीवर जाई तेव्हा निदान लावणीला घरी असे. गिरणीला आषाढ-कार्तिक कळत नव्हते. ती बारा महिने चाले. त्यामुळे राब, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी हे सारे घरच्या बायका, म्हातारे आणि मुलांवर आले. त्यांचे नाव ना गिरणीच्या मस्टरवर, ना बहुधा सातबाऱ्यावर. मनीऑर्डरचा आकडा कागदावर राहतो. ती मनीऑर्डर पुरेशी ठरावी म्हणून घरी पिकवलेल्या भाताचा आकडा कुठेच राहत नाही. मुंबईची मजुरी इतकी कमी असूनही घरे चालली, त्याचे अर्धे उत्तर या खाचरांत आहे.

डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांना कायद्याने ओळख मिळायला १९६९ साल उजाडावे लागले. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९५० च्या दशकापासून बाजारातल्या हमालांना संघटित केले. मुंबईत पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली. त्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी पण मोठी होती. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून मालक आणि टोळी यांच्यामध्ये एक मंडळ उभे केले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने पगार, भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार सांभाळायचा. ज्याला धनीच नव्हता अशा माणसाला कायम नोकराचे हक्क मिळाले. सह्याद्रीतल्या तालुक्यांतल्या कितीतरी घरांची पक्की कौले या लेव्हीच्या पैशातून चढली.

गिरणीवाल्यांच्या वाट्याला उलटे आले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करत बंद झाल्या. घाटावरची बरीच माणसे गावी परतली ती वय उलटल्यावर, आणि तोवर पुढची पिढी मुंबईऐवजी पुण्याकडे पाहू लागली होती. पिंपरी-चिंचवड, मग महामार्गावरचे खेड-शिवापूर आणि शेवटी शिरवळ. शिरवळ खंडाळा तालुक्यातले, म्हणजे सातारा जिल्ह्यातले. भोरची मुले कंपनीच्या बसने जिल्ह्याची हद्द ओलांडून कामाला जातात. बसचा प्रवास तासाभराचा, पण नोकरीची हमी मुंबईच्या गिरणीइतकीही नाही. कंत्राटी कामगारांसाठी १९७० मध्ये कायदा झाला. तरी कंत्राटदार बदलला की सेवेची वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जातात, ही आजची नेहमीची तक्रार आहे. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्यात सुमारे १ लाख ८६ हजार लोक होते, वेल्ह्यात सुमारे ५४ हजार. पुण्यासारख्या फुगणाऱ्या शहराच्या इतक्या जवळ असूनही वेल्हे हा जिल्ह्यातला सर्वांत विरळ वस्तीचा मुलूख राहिला.

आता पुन्हा वतनाकडे यावे लागते, कारण त्याची दुसरी बाजू अजून सांगायची राहिली आहे. कान्होजींनी ज्यावर पाणी सोडले ते वतन देशमुखी होते. महार वतनही वतनच म्हणवले जाई, पण त्यात सोडण्यासारखा मान काय होता? गावकीची आणि सरकारची कामे, सांगावे पोचवणे, चावडीची राखण, वेठ. वेळेला बंधन नाही, घरातला पुरुष नसेल तर दुसऱ्याने जायचे, आणि मोबदला म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा व बलुत्याचे धान्य. एकाच शब्दाखाली एकाला सत्ता मिळाली आणि दुसऱ्याला पिढीजात जुंपणी. डॉ. आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात मांडले, ते याच जुंपणीविरुद्ध. ते तेव्हा मंजूर झाले नाही.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मुंबईचे कायदे इथेही लागू होऊ लागले. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, कनिष्ठ गावनोकरांची वतने रद्द करणारा १९५८ चा, पाटीलकी संपवणारा १९६२ चा. सेवा संपली आणि जमीन ठराविक रक्कम भरून पूर्वीच्या वतनदाराला परत देण्याची सोय झाली. महार वतनाच्या जमिनी अशा रीतीने परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येत नाहीत. ही अट लहान धारकाच्या हातून जमीन निसटू नये म्हणून होती. महामार्गालगतच्या जमिनींचे भाव चढल्यापासून तिच्याभोवती दलाल, मुखत्यारपत्रे आणि वर्षानुवर्षे चालणारे दावे जमले आहेत. ज्या चावडीवर तो हुकूम ऐकायला उभा राहायचा, ती आता तलाठी कार्यालय आहे, आणि तिथल्या संगणकातून निघणाऱ्या सातबाऱ्यावर त्याच्या नातवंडांच्या नावापुढे आजही छापून येते: भोगवटादार वर्ग २.